पहूरला पोचवायचा पुदिना

जळगाव, चैत्र वद्य तृतीया

तीर्थस्वरूप सासूबाईंच्या पायांशी जावई निंबा याचा साष्टांग नमस्कार. इकडे मी आणि पुदिना दोघेही खुशाल आहोत. तुमचे गुडघे कसे आहेत? चि. सौ. मंदाच्या पोटात आता काही ठरते का? (झुलालभाऊ, पत्र आईला मोठ्याने वाचून दाखवा, पण कंसातले मनातच ठेवा.)

मंदा सातव्या महिन्यात तुमच्याकडे पहूरला आली, तेव्हा भाकरी तिला फक्त पुदिन्याच्या चटणीशीच उतरत होती. वैशाखात पुदिना जळून जातो, हिरवे पान औषधालाही मिळत नाही. म्हणून मोरीच्या पाण्यावर तिनेच लावलेला वाफा आताच खुडावा आणि वाळवून बरणीभर पाठवावा, असे मी ठरवले. तसा निरोप धाडला, तर तुमचे उत्तर आले, "जावयाले सोताचं धोतर वायवता येत नही, पुदिना काय वायवतीन!" (हे त्यांचेच वाक्य आहे, मोठ्याने वाचायला हरकत नाही.) मी कापसाच्या जिनात कारकून असलो तरी असोद्याच्या शेतकऱ्याचा मुलगा आहे. त्याच संध्याकाळी तेच धोतर खोचून वाफ्यात उतरलो.

पहिला खुडा घराच्या धाब्यावर, उघड्या उन्हात पसरला. आपल्या खानदेशातले ऊन. त्यात काही वाळवायला अक्कल लागत नाही, असे मला वाटत होते. दुपारी जेवायला आलो तर पाने तंबाखूसारखी काळी आणि वास कडब्याचा. तरी तीच गोळा करावीत म्हणून वाकलो, तोच वावटळ आली आणि सगळा पुदिना शेजारच्या भिकुबाईंच्या पापडांवर जाऊन बसला. त्यांनी माझ्यासमोर एकेक पापड झटकला. मग मोठ्याने मोजून पुन्हा पसरले, तेच जास्त लागले. (बाई धुळ्याकडच्या. तोंड मिटत नाही.)

दुसऱ्या वेळी उन्हाची अशी धास्ती घेतली, की पाने धुऊन ओलीच मंदाच्या पेटीत घातली आणि झाकण लावले. चौथ्या दिवशी बुरशी. (त्याच पेटीत तिचे हिरवे लुगडे होते. ते आता जास्त हिरवे आहे. झुलालभाऊ, हे अगदी मनात.)

मग मात्र मी हट्टालाच पेटलो. उरलेला सगळा वाफा खुडला, पाने फडक्याने टिपली, बारीक जुड्या बांधून मधल्या खोलीत दोरीवर उलट्या टांगल्या आणि खिडक्या लावून घेतल्या. सकाळ-संध्याकाळ कंदील घेऊन जुड्यांखाली उभा राहायचो आणि एकेक पान हुंगायचो. हे भिकुबाईंनी दाराच्या फटीतून पाहिले. दुसऱ्या दिवशी गल्लीभर बातमी, "बायको माहेरले गयी, आनि त्या घरमा काहीतरी शे!" गवळी दुधाचे भांडे उंबऱ्याबाहेर ठेवून पळू लागला. शेवटी भिकुबाई स्वतःच मीठमोहऱ्या घेऊन माझी दृष्ट काढायला आल्या. आत शिरल्या, वर पाहिले, हुंगले, आणि तिथेच फतकल मारून इतक्या हसल्या की मुठीतल्या मीठमोहऱ्या सांडल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "सावली बराबर शे भाऊ, पन वारा का बरं कोंडी ठेवा? खिडकी उघड!"

खिडकी उघडली. पाचव्या दिवशी पान बोटांत धरले तर कुरकुरीत मोडले. रंग हिरवा, आणि वास असा की पाट्यावर चटणी वाटणारी मंदाच समोर दिसली. जिनाचा भोंगा झाला तरी मी तिथेच उभा होतो. (हे कोणालाच वाचून दाखवू नका.)

चिनी मातीची बरणी गच्च भरून तोंडाला फडके बांधले आहे. मंदाला सांगा, वाटायच्या आधी पाने कोमट पाण्यात भिजवायची. घरातल्या थोरांना माझा नमस्कार आणि धाकट्यांच्या पाठीवरून हात.

तुमचा आज्ञाधारक,
निंबा

ता. क. — बरणी पोस्टाने पाठवली तर फुटेल आणि भरवशाचा माणूस मिळत नाही. बोलावल्यावाचून जावयाने सासुरवाडीला येऊ नये, हे मला ठाऊक आहे. तरी 'बरणी घेऊन या' एवढे तीन शब्द कार्डावर टाकावेत. मंदाला पाहून सव्वा महिना झाला.

आणखी ता. क. — मालकांनी रजा दिली आहे. शनिवारी पाचोऱ्याहून छोट्या गाडीने येतो. तुमचे कार्ड आले नाही, तर ते टपालात गहाळ झाले असे समजेन.