हातची गेलेली पेशी

गोंदिया, आषाढ अमावास्या

तीर्थस्वरूप केशोराव भाऊजींना इंद्रकुमारचा नमस्कार. गुडघा कसा आहे? धानाची रोवणी उरकली असेल, आणि चिखलात उतरू नका हे माझे सांगणे तुम्ही ऐकले नसेल, असे धरून चालतो.

सोमवारच्या फोनबद्दल लिहायचे आहे; फोनवर पुन्हा घोटाळा नको. तुम्ही विचारलेत, "पेशीचं काय झालं?" मी म्हणालो, "गेली, भाऊजी. शेवटल्या टप्प्यावर हातची गेली. चूक माझीच." यातला शब्द न् शब्द खरा होता, फक्त ती पेशी गोगलगायीची होती. तुम्ही विचारत होता कोर्टातल्या पेशीचे (तुमच्या आणि तुमचे भाऊ बकारामभाऊ यांच्या शेतांमधल्या धुऱ्याच्या दाव्याची तारीख त्याच दिवशी होती, आणि वकिलांना भेटून मीच तुम्हाला कळवायचे ठरले होते). पण मागे तुमच्याकडे जेवताना मी प्रयोगशाळेतल्या पेशींविषयी इतके बोललो होतो, की तुम्ही आपुलकीने त्यांचीच चौकशी करता आहात असे वाटले. आम्हा विज्ञान शिकवणाऱ्यांना कोणी आपणहून काही विचारले की भान राहत नाही.

आमच्या कॉलेजात जिवंत पेशीतली वीज मोजणारा पॅच क्लॅम्प अँप्लिफायर आला आहे. केसाहून बारीक टोकाची काचनळी पेशीला टेकवायची, मागच्या रबरी नळीतून तोंडाने हळूच ओढून ती चिकटवायची, मग एक झटका दिला की पडदा फाटतो आणि पेशीच्या आतले यंत्राला कळू लागते. (जोर जास्त झाला तर पेशीच नळीत येते.) त्या दिवशी हे सारे पहिल्यांदा जमले. काचनळीच्या अडथळ्यामुळे मापात चूक येते, ती भरून काढणारे एक बटण असते. फिरवावे तितके माप खरे होत जाते, पण जरा पुढे गेले की यंत्रच थरथरू लागते. माप पुरेसे खरे होते. मला आणखी खरे हवे होते. पडद्यावरची रेघ पिसाळली, पेशी मेली, आणि तुमचा फोन वाजला.

तुम्ही फक्त "असो" म्हणालात. एका गोगलगायीपायी एवढा समंजसपणा, म्हणून मला गहिवरून आले. काल शामकलाताई इथे माहेरी आली तेव्हा कळले, की दावा हरलो असे समजून तुम्ही त्याच संध्याकाळी बकारामभाऊंच्या दारी गेलात आणि "धुरा तुझा" म्हणून आलात. मी धावत वकिलांकडे गेलो. भाऊजी, दावा हरलेला नाही. जजसाहेब रजेवर होते, पुढची तारीख पडली आहे, आणि तोंडी बोलणे कोर्ट धरत नाही. धुरा अजून तुमचा होऊ शकतो. माझ्या उतावळ्या जिभेला क्षमा करा.

तुमचा अपराधी,
इंद्रकुमार

ता.क. हे कळवतो म्हटल्यावर ताई म्हणाली, "दोघं भाऊ एका चुलीचा चहा पिऊन राहिले, अन् तू कायले मधात कोर्ट घुसाडून राहिला?" मी म्हणालो, खरे ते सांगायलाच हवे. ती म्हणाली, "तुही पेशी मेली तेवढं पुरे नाही झालं का?"

दुसरे ता.क. पत्र टपालात टाकत नाही. ताई उद्या गावी परतते आहे, तिच्याच हाती देतो. "दे, वेळ पाहून देतो त्याइले," म्हणाली. कोणती वेळ, ते मी विचारले नाही.