बाळाचे वाळे आणि तुमचं बोंबलणारं मशीन

प्रिय...

बघा, पहिल्याच ओळीला अडले! जन्मभर तुम्हाला ‘अहो’ म्हणून हाक मारली, आता कागदावर काय लिहू? तर अहो, तुम्हीच. गेलेल्या माणसाला पत्र लिहिणं मला कधी पटलं नाही. पण आज दुपारी जे झालं ते सांगू कुणाला? ही गोष्ट जगात आपल्या दोघांनाच ठाऊक होती. तुम्ही निघून गेलात, आता ती माझ्या एकटीच्या बोडक्यावर.

मुलुंडची आपली बिल्डिंग रिकामी झाली. सगळ्यांनी चाव्या दिल्या. मी इथे कांजूरमार्गला भाड्याच्या खोलीत आहे, वारा फिरला की कचऱ्याच्या डम्पिंगचा वास येतो, खिडकी लावून बसते. परवा सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला, म्हणाले, ‘वहिनी, सोमवारपासून पाडायला जेसीबी लागतोय, काही राहिलं असेल तर घेऊन जा.’ काही राहिलं असेल तर!

तुम्हाला तो दिवस आठवतो? रिडेव्हलपमेंटची मीटिंग संपवून घरी आलात, चहाला हात लावला नाहीत, आणि एकदम म्हणालात, ‘सुलभा, ते वाळे मी खाली कंपाउंडमध्येच पुरलेत.’ केतकीच्या आधीचं आपलं बाळ हॉस्पिटलातून घरी आलंच नाही, आणि माझ्या आईने हौसेने आधीच करून ठेवलेले चांदीचे वाळे माझ्या उशाशी राहिले. मी ते दिवसभर हातात घेऊन वाजवत बसायची. एका दुपारी मी झोपलेली असताना तुम्ही ते उचललेत. विचारलं तर म्हणालात, ‘पुरले. परत विचारू नको.’ मी विचारलं नाही. पण इतकी वर्षं मी त्यांच्यावरूनच दूध आणायला जात होते, हे तुम्ही मला सांगायला नको होतं का हो? किती दुष्टपणा हा!

आणि जागा आठवेना तुम्हाला! पंपाच्या खोलीमागे, भिंतीलगत, पितळेच्या डबीत, एवढंच. मधल्या काळात तिथे सायकलींचा स्टँड झाला, गटार फिरवलं, पेव्हर ब्लॉक बसले.

मग तुम्ही सांताक्रूझच्या कुणा माणसाकडून ते जुनं मेटल डिटेक्टर उचलून आणलंत. तो जुहूच्या वाळूत नाणी शोधायचा म्हणे. ‘एकदम झकास चालतं, काका,’ असं म्हणाला आणि तुम्ही विश्वास ठेवलात. घरी आणून पहिली परीक्षा कुठे घेतलीत? चौथ्या मजल्यावर, हॉलमध्ये! स्लॅबभर लोखंडी सळ्या, ते मशीन बोंबलणार नाही तर काय करणार? शेजारच्या काकू धावत आल्या, त्यांना वाटलं आपला गॅस लीक झाला.

मग तुमचं दुरुस्तीकाम सुरू झालं. सेलच्या कप्प्यात हिरवं कीट चढलं होतं, ते तुम्ही केतकीच्या जुन्या खोडरबरने घासलंत. नवे चौकोनी सेल घातलेत. दांड्याच्या टोकाच्या गोल थाळीची वायर सैल लोंबत होती, ती दांड्याला घट्ट गुंडाळून वर माझ्या शिलाईच्या डब्यातली नाडी बांधलीत. दांडा लांब करायचं बटण गंजून अडकलं होतं, ते काही हललं नाही. मग तुम्ही तसेच कमरेत वाकून, थाळी पायाशी फिरवत चालायचात. एवढं करूनही कंपाउंडमध्ये नेलं की पावलागणिक टीं टीं टीं! सेन्सिटिव्हिटी कमी केली की पार मुकं, खाली पातेलं ठेवलं तरी गप्प. पोरं तुमच्या मागे फिरायची. केतकीला आपण छंद म्हणून सांगितलं होतं, ती म्हणायची, ‘बाबा, खजिना मिळाला तर फिफ्टी-फिफ्टी हं!’ आणि तुम्ही हसायचात. मी मात्र वर गॅलरीतून बघत असायचे.

‘गावतला गो, गावतला,’ असं मला सांगत राहिलात. सापडेल, सापडेल. शेवटी शेवटी तेही थांबलं. एकदा जेवताना म्हणालात, ‘त्या जमिनीत नुसतं लोखंड भरलंय, आता काय मिळत नाय.’ दिवाळी झाली आणि तुम्ही गेलातच. मशीन कोपऱ्यात तसंच उभं.

आज सकाळी ते रिक्षात घालून मुलुंडला गेले. वॉचमन म्हणाला, ‘काकी, हे काय?’ म्हटलं, ‘साहेबांची आठवण, तू गेटवर बस.’ पेव्हर ब्लॉक बिल्डरच्या माणसांनी आधीच उचलून नेले होते, माती उघडी पडली होती. बिल्डिंगची लाइट कापली होती, पंप बंद, फोन मी लांब कट्ट्यावर ठेवला. म्हटलं, आता मशीनला वाजायला दुसरं काही निमित्त नको. मशीन सुरू केलं, थाळी फिरवली, आणि परत तेच! डावीकडे नेली की टीं, उजवीकडे नेली की टीं. मी तिथेच उकिडवी बसले आणि रडले. तुम्हाला खूप शिव्या दिल्या. सांताक्रूझच्या त्या मेल्यालाही दिल्या.

मग बसल्या बसल्या सहज दांडा फिरवला, पाय फतकल घालून बाजूला होते, तर आवाज नाही! उभी राहिले, की आवाज. परत बसले, गप्प. मी खाली बघितलं. माझी जोडवी, अहो!

तुम्ही गेल्यावर तुमच्या ताई म्हणाल्या होत्या, जोडवी काढ. मी म्हटलं, मंगळसूत्र काढलंय ते पुष्कळ झालं, जोडवी राहतील. आणि आज तीच थाळीखाली वाजत होती. कंपाउंडच्या नळाला थोडं पाणी होतं, वॉचमनकडून साबणाची वडी मागितली. किती घट्ट बसली होती! कातडी सोलली, पण निघाली. पर्समध्ये टाकली. बोटं अजून सुजलेली आहेत, त्यामुळे परत घालता आली नाहीत.

आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. तुमचे ते कंपनीचे बूट! रिटायर झालात तरी खाली जाताना तेच घालायचात, पायावर काही पडलं तर म्हणून. त्यांच्या टोकात लोखंडाची वाटी असते, हे तुम्हीच केतकीला वरून हातोडी मारून दाखवलं होतंत. म्हणजे ते सगळे महिने तुमचे बूटच वाजत होते! जमिनीत लोखंड भरलेलं नव्हतं, मशीनही ठीक होतं. तुम्ही अनवाणी उतरला असतात तर तुमच्या हातानेच मिळालं असतं. तुम्ही हरलो असं समजून गेलात, याचं मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू. माझ्या कसं लक्षात आलं नाही? तुमच्या तरी? कारखान्यात जन्म घालवलात ना?

त्यानंतर मशीन शहाण्यासारखं वागलं. खिळे निघाले, बाटल्यांची झाकणं निघाली, नळाची एक मूठ निघाली. पंपाच्या खोलीमागे काही नव्हतं. तुम्ही जागाही चुकीची धरली होतीत! सायकलस्टँडच्या शेवटी, भिंतीच्या खाचेत, कडक टीं वाजलं. दोन्ही बाजूंनी फिरवलं, तिथेच. खुरपीने उकरत होते तेवढ्यात मागून आवाज, ‘आई! वेड लागलंय का तुला? फोन का उचलत नाहीस?’

केतकी. वॉचमनने कळवलं म्हणून घाटकोपरहून रिक्षाने धडपडत आलेली, पोट एवढं पुढे, सातवा लागलाय तिला. आणि माझ्या हातात डबी.

तिनेच किल्ली घालून झाकण उचकटलं. वाळे काळेठिक्कर पडलेत, पण एक घुंगरू अजून वाजतं. तिने ते हलवून बघितलं आणि डोळे भरून मला विचारलं, ‘माझे? बाबा हे शोधत होते?’

मी ‘हो’ म्हटलं.

काय करणार होते मी? उन्हात उभी, दोन जिवांची पोर, अशा अवस्थेत तिला कसलं काय सांगू? ती मला मिठी मारून रडली. म्हणाली, ‘बाबांनी माझ्या बाळासाठी शोधायला घेतलं ना गं? उद्या सोनाराकडे उजळायला टाकते.’ डबी तिच्या पर्समध्ये गेली. मी मान हलवत राहिले.

आता इथे बसलेय आणि जिवाला चैन नाही. अपशकुनाचं म्हणत नाही मी, तसली भीती मला नाही. पण ते वाळे त्याचे आहेत हो. त्याचा फोटो नाही, जन्मपत्रिका नाही, बारसंसुद्धा झालं नाही. अख्ख्या जगात त्याच्या मालकीची तेवढीच एक वस्तू होती. सोमवारी जेसीबीने ती चिरडली असती. ती मी वाचवली, आणि एका ‘हो’मध्ये त्याच्याकडून काढून घेतली. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, ‘गप रव, पोरीला त्रास नको.’ तुमचं हेच चुकायचं. माझ्या त्रासाच्या वेळीही तुम्ही हेच केलंत, आणि मी तीस वर्षं गप्प राहिले.

मी तुम्हाला शब्द देते. उद्या सकाळी ती सोनाराकडे निघायच्या आत मी घाटकोपरला तिच्या दारात असेन. तिला खाली बसवीन, पाणी देईन आणि सांगेन की तुला एक मोठा भाऊ होता. मग तिने वाळे स्वतःच्या बाळाला घातले तर मामाचे म्हणून घालील, नाही घातले तर मी सांभाळीन. बारशासाठी आपण ठरवलेलं नाव तुम्ही मला घरात कधी उच्चारू दिलं नाहीत. ती विचारेलच, आणि मी सांगणार आहे. इथे लिहून बघते आधी.

समीर.

तुमची आणि समीरची,
सुलभा