उघडा पाव

उस्मानाबाद, बुधवार, १४ मे १९५८

आज संध्याकाळी फ्रेंच झालो. मासिकात वाचलं होतं, तिकडं पावाच्या एकाच कापावर लोणी आणि उन्हाळी फळं मांडून खातात, वर दुसरा काप ठेवत नाहीत. बेकरीवाल्या करीमचाचांना हे सांगितलं, तर म्हणाले, "लेखकसाब, फ्रान्सला वरचा तुकडा परवडंना व्हय?" मी विनोदी लिहितो म्हणे. महिन्याभरात इतकं बरं वाक्य मला सुचलेलं नाही.

घरी येऊन दाराला आतून कडी लावली. कापावर लोणी फासलं, पाडाच्या आंब्याच्या फोडी मांडल्या. माझी बायको सुमन असती तर तिनं आधी झाकण शोधलं असतं. "उघडं अन्न कुणाचंबी असतंय," हे तिचं ठरलेलं. वीस वर्षं मी त्यावर हसलो. ती जाऊन वर्ष झालं, तरी आजही हसलो, मोठ्यानं, आणि मागं मोरीत हात धुवायला गेलो.

परत आलो तर पाव झाकलेला. तिच्याच, कड चेपलेल्या पितळी ताटलीनं. ती ताटली मी ट्रंकेत तळाशी ठेवली होती. ठेवली होती ना? ट्रंकेला कुलूप आहे, किल्ली माझ्या खिशात.

मांजर अन्न झाकत नाही. मीच झाकून विसरलो म्हणावं, तर ताटली स्वच्छ, कोरडी होती; माझे हात आधी लोण्या-आंब्यानं बरबटलेले आणि आता ओले.

तासभर झाला, चेपलेली कड माझ्याकडंच तोंड करून आहे. भूक लागलीय. पण ताटली उचलली आणि खाली नुसता पाव निघाला, तर घर पुन्हा रिकामं होईल.

म्हणून उचलली नाही. पाण्याचा तांब्या मात्र मुद्दाम उघडा ठेवलाय, आणि त्याच्याकडं पाठ करून हे लिहितोय.