काही नाही, आबा

मंगळवार, संध्याकाळ

घरी आल्यापासून तो बूटच डोळ्यांसमोर आहे. कंपनीचा, पुढे लोखंड घातलेला. रांजणगावजवळ ट्रकनं मोटारसायकल उडवली. चालवणाऱ्या पोराला जबर लागलेलं, मागे बसलेल्या त्याच्या वडिलांना, आबांना, नुसतं खरचटलं. पोराच्या पायाची नाडी बघायला मी बूट काढला, तर आबांनी तो मांडीवर घेतला आणि टॉवेलनं पुसत बसले.

अॅम्ब्युलन्समधून मी शिरूरच्या डॉक्टरांना फोनवर सांगत होते. पेल्विस फ्रॅक्चर, इंटर्नल ब्लीडिंग, बीपी पडतंय. कंबरेचं हाड मोडलंय, पोटात रक्त साचतंय, असं म्हटलं असतं तर आबांना कळलं असतं. म्हणूनच नाही म्हटलं का मी? आम्ही सगळेच असं करतो. नातेवाइकांचा गोंधळ नको म्हणून.

"काय म्हनला, मॅडम?"

"काही नाही, आबा. बसा तुम्ही."

त्यांनी लगेच कवठ्याला बायकोला फोन लावला. "रगात न्हाई, काय न्हाई. मॅडम बी काय न्हाई म्हनत्यात. तू धारा काढ, सकाळच्याला ये."

पोरगा शुद्धीवर होता. "आई येती का?" त्यानं विचारलं. तेव्हा तरी तोंड उघडायचं! मी सलाईनची पिशवी दाबत बसले.

हॉस्पिटलात पोचल्यावर थोड्याच वेळात गेला तो.

मी निघाले तेव्हा आबा बाकावर होते. बूट अजून मांडीवरच. मला बघून उठले, हात जोडले.

"तुमी लई धीर दिला, मॅडम."