रोल संपवायला काढलेले फोटो

॥ श्री येडेश्वरी प्रसन्न ॥

मी, रामहरी बलभीम हुंबे, वय एकोणपन्नास, धंदा फोटोग्राफी व थोडी शेती, राहणार ईट, तालुका भूम, जिल्हा धाराशिव, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. शरीराबद्दल तसे म्हणता येत नाही. पोटातल्या आजाराविषयी बार्शीच्या डॉक्टरांनी माझ्यापासून काही लपवले नाही, त्याबद्दल त्यांचे आभार. हे लिहिण्यासाठी मला कोणी भरीस घातलेले नाही. याआधी मी मृत्युपत्र केले नव्हते, कारण लिहून ठेवण्यासारखे आपल्याजवळ काही आहे असे कधी वाटले नव्हते.

माझी आई धुरपदाबाई माझ्याजवळ राहते. एकुलती मुलगी अर्पिता नर्सिंग शिकून कळंबला नोकरीला आहे, सुट्टीला घरी येते. धाकटा भाऊ बजरंग शेजारच्या घरात राहतो. माझी पत्नी दैवशाला, अर्पिता रांगत असताना, तापाचे निमित्त होऊन गेली. मी दुसरे लग्न केले नाही.

१) राहते घर माझ्यामागे अर्पिताचे. आई आहे तोवर तिची खाट खिडकीपाशी आहे तिथेच राहील. तिला बजरंगकडे नेण्याचा आग्रह कोणी करू नये. तिला स्वतःला जावेसे वाटले तर ती सांगेल. ती सांगायला कोणाला भीत नाही.

२) माझ्या वाटणीची जमीन अर्पिताच्या नावे व्हावी. आज बजरंग बटईने कसतो, तसाच त्याने कसावी. बांधावरच्या चिंचेवरून आमच्यात बोलाचाली झालेली सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. दरवर्षी तो चिंचा झोडपून नेतो आणि वाऱ्याने पडल्या म्हणतो. ते झाड मी त्याला देऊन टाकले आहे. यापुढे त्याने वाऱ्याचे नाव घेऊ नये.

३) पोस्टातली आणि बँकेतली शिल्लक अर्पिताची. त्यातून आजीचे औषधपाणी तिने बघावे. तेराव्याला पंगती उठवू नयेत. येरमाळ्याला जाऊन घरच्यांनी येडेश्वरी देवीला नैवेद्य दाखवावा आणि डोंगर उतरून यावे, एवढे पुरे.

४) दुकानातले दिवे, उजेडाच्या छत्र्या आणि धबधब्याचे चित्र असलेला पडदा गावच्या शाळेला गॅदरिंगसाठी द्यावा. आमच्या भागात धबधबा कोणी पाहिलेला नव्हता, म्हणून लोक हौसेने त्याच्यापुढे उभे राहत. पडद्याला खालच्या कोपऱ्यात शेळीने चावलेले आहे, तेवढे दुमडून लावावे. रोलचा जुना कॅमेरा अर्पिताने ठेवावा.

५) निगेटिव्हचे पत्र्याचे डबे, स्लाइडचा खोका आणि स्कॅनर अर्पिताचा. याबद्दल मला सविस्तर लिहायचे आहे, कारण हे मृत्युपत्र मी खरे तर यासाठीच लिहायला बसलो.

आमच्या बैठकीत दैवशालाचा मोठा केलेला फोटो आहे. येरमाळ्याच्या चैत्राच्या यात्रेत प्रथेप्रमाणे चुनखडीचे खडे वेचताना तिने वर पाहिले तेव्हा मी तो काढला होता. त्याची निगेटिव्ह मोठा फोटो करताना कळंबच्या एका लॅबमध्ये गहाळ झाली. ती लॅब पुढे बंद पडली. त्या लॅबवाल्यावर माझा राग बरीच वर्षे होता, तो आता सोडला.

दैवशाला अहेव गेली, म्हणून आई रोज आंघोळ झाली की तिच्या फोटोला कुंकू लावते. पहिल्या वर्षी फोटोला काच होती. ती आईने मला काढायला लावली.

"काचंला कुकू लावून तिला कसं पोचंल रं, रामा?"

मला ते पटले, आणि मी काच काढली. त्या दिवसापासून ओल्या बोटाचे कुंकू सरळ फोटोच्या कागदावर लागत आले. आधी कपाळ गेले, मग भुवया, मग डोळे. आता पदराच्या आत लाल डाग आहे आणि खाली हनुवटी तेवढी आहे. हे होताना मला दिसत होते, आईला दिसत नव्हते. तिची नजर तेव्हापासूनच कमी होत गेली. ज्या सासूने सून गेल्यावर एक दिवससुद्धा तिचे कुंकू चुकवले नाही, तिला मी काय म्हणणार होतो? मी देवासमोर बसायचो तेव्हा हाच विचार मनात यायचा आणि मी तो तिथेच ठेवून उठायचो.

आमच्या लग्नाचे फोटो तिच्या माहेरच्या घरात होते, ते घर पावसाळ्यात बसले तेव्हा गेले. म्हणून अर्पिताने आईचे तोंड असे पाहिलेच नाही. लहानपणी शाळेत कोणी आईचे चित्र काढायला सांगितले की ती पदर काढायची आणि त्यात लाल रंग भरायची.

मागच्या वर्षी आजार कळला आणि दुकान बंद केले. आवराआवर करताना स्लाइडचा खोका हाती आला. एका कृषी सहायकाने शेतकऱ्यांना पिकांवरचे रोग पडद्यावर दाखवण्यासाठी त्या माझ्याकडून काढून घेतल्या होत्या आणि त्यांची बदली झाल्यावर त्या माझ्याकडेच राहिल्या. उजेडाला धरून एकेक बघत होतो. ज्वारीच्या कणसाचा आकार कळावा म्हणून मी शेजारी कोणाचा तरी हात धरायला लावला होता. हिरव्या बांगड्या, आणि अंगठ्यावर भाजल्याची खूण. तो हात दैवशालाचा होता.

मग मला रोलच्या शेवटच्या फोटोंची आठवण झाली.

नव्या मुलांना हे सांगावे लागते. गिऱ्हाइकाला फोटो दुसऱ्या दिवशी हवे असत आणि रोलमध्ये एखाद-दुसरा फोटो शिल्लक असे. रोल संपल्याशिवाय काढून धुवायला देता येत नसे. मग मी दुकानाच्या मागच्या दाराने घरात जायचो आणि जी समोर असेल तिचा फोटो काढून रोल संपवायचो. समोर दैवशालाच असायची. कधी पीठ मळताना, कधी केस विंचरताना, कधी अर्पिताच्या वेळी अवघडलेली, भिंतीला टेकून. ती चिडायची.

"रोल संपवायला मीच गावते व्हय तुमाला? लोकांचे पैशे घिऊन काढता, माजा फुकटात, त्यो बी असल्या अवतारात."

ते फोटो गिऱ्हाइकाचे नव्हते, म्हणून त्यांच्या प्रती कधी काढल्या नाहीत. निगेटिव्ह मात्र पट्ट्या कापून त्या त्या गिऱ्हाइकाच्या पाकिटात गेली. गावातल्या बारशा-लग्नांच्या शेपटाला दैवशाला इतकी वर्षे डब्यात पडून होती आणि मी शेजारच्या खोलीत झोपत होतो.

निगेटिव्हवर काही ओळखू येत नाही. चेहरा काळा, केस पांढरे. माणूस म्हातारे होऊन आल्यासारखे दिसते. ती सरळ करून दाखवणारे यंत्र हवे होते, आणि माझ्याजवळ चुकायला वेळ नव्हता.

अर्पिता म्हणाली, फोनचा पडदा पांढरा करून त्यावर निगेटिव्हची पट्टी ठेवू आणि दुसऱ्या फोनने फोटो घेऊ. करून पाहिले. माणूस आहे एवढे कळले, कोण आहे ते कळले नाही. बजरंगचा डब्यांवर आधीपासून राग होता. "दादा, ते भंगारवाल्याला दे. चांदी निघती म्हणं त्यातनं," असे तो म्हणायचा. पण मी स्कॅनरसाठी झुरतो आहे हे पाहून तोच लातूरहून एक घेऊन आला. पातळ, देखणा, वहीसारखा. मी निगेटिव्ह ठेवली, झाकण लावले, आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर नुसती काळी पट्टी आली. त्या स्कॅनरच्या झाकणात दिवाच नव्हता. कागदावरचा फोटो खालच्या उजेडात दिसतो, पण फिल्मच्या आरपार उजेड जावा लागतो. दुसऱ्या दिवशी बजरंग तो खोका मोटारसायकलला बांधून परत लातूरला गेला आणि दुकानदाराशी भांडून, वर आपल्या पदरची भर घालून, आत्ताचा जाड स्कॅनर घेऊन आला. ती भर किती हे त्याने मला सांगितले नाही. म्हणून चिंच.

अर्पिता, हे यंत्र कायमचे टिकणार नाही आणि तुझे काम माझ्यानंतरही पुष्कळ राहणार आहे. दुसरे घ्यायची वेळ आली तर एवढे बघ. झाकणात दिवा हवा. निगेटिव्हच्या पट्ट्या आणि स्लाइड बसवायच्या चौकटी सोबत हव्यात, त्या नंतर मिळत नाहीत. खोक्यावर छापलेल्या मोठ्या आकड्याला भुलू नकोस, दुकानदाराला एक पट्टी तिथेच स्कॅन करून दाखवायला सांग आणि डोळ्यांच्या पापण्या दिसतात का ते बघ. अगदी पातळ स्कॅनर काचेला टेकलेलेच स्वच्छ दाखवतो, जरा वर उचललेले धूसर करतो. आपल्याकडचे फोटो फ्रेमच्या काचेला चिकटलेले असतात, ओढले तर चेहरा काचेवरच राहतो. ते काचेसकट ठेवावे लागतात, त्यासाठी जाड यंत्रच लागते. पट्टीची चमकती बाजू खाली. धूळ तोंडाने फुंकू नकोस, रबरी पंपाने उडव. बुरशी दिसली तर पाणी लावू नकोस.

६) आता जे घडले ते लिहितो. अर्पिता रविवारची सुट्टी घेऊन आली होती. कोणाच्या तरी जावळाच्या पाकिटातली शेवटची पट्टी आम्ही लावली. दिवा सरकत गेला. पडद्यावर आधी चूल आली, मग पदर, मग तोंड. कपाळाला पीठ लागलेले, आणि कॅमेऱ्याकडे रागाने बघणे.

अर्पिताने सहज विचारले, "आण्णा, ही कोण?"

तिने माझ्याकडे पाहिले, मग परत पडद्याकडे. चित्र मोठे केले. बराच वेळ ती कपाळाच्या खालीच बघत राहिली.

"हिच्या भुवया माझ्यासारख्या आहेत," ती म्हणाली. आणि उठून आत जाऊन धुतलेली भांडी पुन्हा घासत बसली.

खाटेवरून आई विचारत होती, काय झालं, कोण आलंय. मी तिला हाताला धरून आणले. तिला पडद्यावरचा उजेड तेवढा दिसला असेल. सून आहे म्हटल्यावर ती देव्हाऱ्यातून करंडा घेऊन आली आणि बोट पुढे केले. मी अडवणार होतो. अर्पिता ओल्या हातांनी बाहेर आली, आजीचे मनगट धरले, आणि कॉम्प्युटरच्या काचेवर नेमके कपाळ जिथे होते तिथे ते बोट नेऊन टेकवले.

"इथं लाव, आजी," म्हणाली.

मग फडक्याने काच पुसली. खाली चेहरा तसाच होता.

बजरंग रात्री जेवायला आला तेव्हा त्याला दाखवले. तो वहिनी म्हणून एकदा बोलला. डबे आता त्याने ठोकून दिलेल्या फळीवर आहेत, वाळवी लागू नये म्हणून.

७) म्हणून माझी अशी इच्छा आहे, आणि ही पाळली जावी: डबे भंगारात जाऊ नयेत. प्रत्येक पाकिटातली शेवटची पट्टी अर्पिताने आधी लावावी. माझ्याने अर्धेही डबे झालेले नाहीत. औषधाने हात कापतो आणि चौकटीत पट्टी बसत नाही. उरलेल्या डब्यांत ती कशी असेल हे मला ठाऊक नाही, मीच ते फोटो काढलेले असूनही. ते तू एकटीने बघ. घाई करू नकोस. सगळे एका सुट्टीत बघून संपवलेस तर पुढे बघायला काही उरणार नाही.

८) बाकीच्या निगेटिव्ह गावाच्या आहेत. ज्याला आपल्या गेलेल्या माणसाचा फोटो हवा असेल त्याला तो द्यावा, मोबदला घेऊ नये. पलीकडच्या गल्लीतल्या कोंडाबाईंच्या मालकांचा फोटो काचेला चिकटलेला आहे, तो करून द्यायचे मी कबूल केले आहे आणि राहून गेले आहे. तो पहिला करावा.

९) बैठकीतला जुना फोटो आई आहे तोवर भिंतीवरून काढू नये आणि त्याचे काय झाले आहे हे तिला कोणी सांगू नये. तिचे रोजचे कुंकू तिथेच लागू द्यावे. आईच्या माघारी तो येरमाळ्याला नेऊन देवीच्या पायाशी ठेवावा.

१०) मी गेल्यावर हारासाठी माझा फोटो शोधाल. आधारकार्डावरचा मोठा करू नये. मागच्या आठवड्यात एका पट्टीच्या टोकाला एक फोटो सापडला. त्या दिवशी दैवशालाने कॅमेरा माझ्या हातातून ओढून घेतला होता आणि आता तुमचा बी अवतार बघा म्हणाली होती. चौकट वाकडी आहे, माझ्या डोक्याचा वरचा भाग कापला गेला आहे, आणि मी हलल्यामुळे थोडा धूसर आलो आहे. माझ्या धंद्यात असा फोटो गिऱ्हाइकाला दिला असता तर त्याने तोंडावर फेकला असता. मी त्यात हसतो आहे. तिच्याकडे बघतो आहे. तोच लावावा, आहे तसा, कापून सरळ न करता.

वर लिहिलेले सर्व मी पुन्हा एकदा वाचून पाहिले. ते माझ्या मनासारखे आहे. याची अंमलबजावणी बजरंगने करावी, तो करील. दोन्ही साक्षीदारांसमोर मी सही केली आणि माझ्यासमोर त्यांनी केली. त्यांना या मृत्युपत्राने काही मिळत नाही, चहा तेवढा मिळाला.

सही
रामहरी बलभीम हुंबे

साक्षीदार
१. महारुद्र शंभू गाढवे, निवृत्त शिक्षक, रा. ईट
२. बिराप्पा दगडोबा पडुळकर, मेंढपाळ, रा. ईट

स्थळ: ईट, ता. भूम, जि. धाराशिव
दिनांक: १२ फेब्रुवारी २०२५, बुधवार, माघ पौर्णिमा