धातू न टाकलेला फ्लास्क

सर, फ्लास्क तापतोय तोवर लिहायला घेतलंय. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी रिॲक्शन लावली की मान खाली घालून उभी असलेली मीच मला दिसते. लोणावळ्याच्या कॉलेजात एक रिॲक्शन जमल्याचं सांगत मी तुमच्याकडे आले होते, पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. चिडलात की तुमची आंदर मावळातली बोली बाहेर यायची. "धातू न टाकता करून पायलंस का? न्हाई? मंग त्यो धातूच काम करतोय, हे तुला कुनी सांगितलं?" मी सगळ्यांसमोर रडले. संध्याकाळी तुंगार्लीला घरी बोलावलंत आणि स्वयंपाकघरात चहाच्या कपाशेजारी एक पुडी ठेवलीत. आत फ्लास्कातलं मिश्रण ढवळत फिरणारा नवाकोरा पांढरा चुंबक. मला वाटलं, समजूत काढताय.

आता मी मावळातच एका कंपनीच्या प्रयोगशाळेत आहे. नायट्रोजन असलेल्या, अणूंच्या कड्यातला कार्बन-हायड्रोजन बंध सोडवायचा आणि दोन्ही टोकं अल्काइनच्या तिहेरी बंधावर नेऊन बसवायची. वाया काहीच जात नाही. हे काम पॅलेडियम हा महागडा धातू घडवून आणतो. माझा दावा, स्वस्त कोबाल्टही करतं. दुपारी साहेब ग्राहकाला तसा शब्द देणार आहेत. काल, केवळ तुमच्या धाकानं, मी कोबाल्ट न टाकता तीच रिॲक्शन लावली. ती झाली, नेहमीसारखीच छान झाली. मग फिरणाऱ्या चुंबकाकडे लक्ष गेलं. त्यावर कितीही धुतला तरी न निघणारा काळा डाग आहे. आधीच्या रिॲक्शनांमधलं पॅलेडियम त्यात मुरलेलं असणार. इतके महिने तेच राबत होतं की काय? तुम्ही कोरा चुंबकच का दिलात, ते तेव्हा कळलं.

म्हणून सकाळी कोरा फ्लास्क घेतला, कोबाल्ट घातलं आणि जपून ठेवलेली तुमची पुडी फोडली. साहेब दोनदा डोकावून गेले. झालं का, विचारत होते. मला भीती वाटतेय सर.

आत्ता फ्लास्कातला थेंब तपासायच्या प्लेटवर लावून ती दिव्याखाली धरून पाहिली. घातलेले पदार्थ जसेच्या तसे आहेत, नव्या पदार्थाचा ठिपका नाही, म्हणजे कोबाल्टनं काहीच केलेलं नाही. शब्द देऊ नका, हे साहेबांना आत्ताच जाऊन सांगायला हवं. नंतर मला इथं ठेवतील की नाही, कोण जाणे. हे पान ॲप्रनच्या खिशात राहील. एकच सांगते. दिव्याचं बटण दाबण्याआधी, ठिपका दिसू दे म्हणून मी डोळे मिटून हात जोडले होते.