दोन सीटांची गाडी

राजेंद्रनगर, इंदूर
११ फेब्रुवारी २०२५

ती. इंदिरावन्सं,

वाकून नमस्कार. गुडघा आता पुरता वाकत नाही, तेव्हा मनानं वाकले असं समजा. तुमची पाठ कशी आहे? पुण्यात थंडी ओसरली असेल. इथे सकाळी अजून शाल लागते आणि दुपारी पंखा. माझी तब्येत ठीक. दोन वेळचं करते, खाते. शेजारच्या शोभनाकाकू रोज चार वाजता चहाला येतात, त्यामुळे दिवसभरात एकदा तरी तोंडातून शब्द निघतो.

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, वर्षश्राद्धाला तुमच्या नातवाला, देवांशला घेऊन याल आणि परतताना तो ह्यांची गाडी चालवत पुण्याला नेईल. "अरविंदाची आठवण घरात राहील. तुम्हाला मूलबाळ नाही, तुझ्यामागे ती कोण बघणार? उभी उभी सडेल." मी "हो, हो" म्हणाले. मग तुम्ही म्हणालात, खर्च किती येतो, दगा देते का, ते देवांशला सगळं मोकळेपणानं कळव. फोनवर तुमच्यापुढे माझं तोंड उघडत नाही, लग्न झाल्यापासून उघडलेलं नाही. म्हणून लिहायला बसले. मध्येमध्ये हिंदी घुसेल, ते इंदूरच्या खात्यात टाका.

आधी खर्चाचं.

आम्ही घेतली तेव्हाच ती सहा वर्षं वापरलेली होती. नवी असती तर आम्ही तिच्याकडे नुसतं बघितलं असतं. पण देवांशला हे नक्की सांगा की अशी गाडी विकत घेताना जुनी असते आणि सांभाळताना एकदम नवी होते. सुटे भाग नव्या गाडीच्याच भावात येतात. टायर पुढचे एका मापाचे, मागचे दुसऱ्या. इंदूरात मिळत नाहीत, मुंबईहून मागवायचे. मागचे दोन बदलले त्या वर्षी आमची काश्मीरची ट्रिप राहिली. स्टेपनी नाहीच, कारण ठेवायला जागाच केलेली नाही. पेट्रोल महागातलंच लागतं. पोट इतकं खाली की प्रत्येक स्पीडब्रेकरवर तिरकी घालावी लागते, तरी घासतेच. आपल्या कॉलनीतल्या लोकांनी तर दर चार घरांमागे एक ब्रेकर बांधून ठेवलाय.

छप्पर बटणावर उघडतं. एका पावसाळ्यात त्याचा पंप गळायला लागला आणि छप्पर अर्ध्यात अडकलं, ना उघडं ना बंद. नवा पंप परदेशातून यायचा होता. तोवर आम्ही गाडीवर प्लॅस्टिक घातलं आणि सीटवर घरातली जुनी रजई. आई खिडकीतून बघत म्हणाल्या, "गाडीला रजई, आणि मला चादर!" हे इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. त्याच दिवशी आईंना नवी रजई आणली. ती रजई अजून आहे. पंप मात्र पुन्हा एकदा गेला.

आमचा मेकॅनिक निशांत म्हणतो, "आंटीजी, चलाओगे तो खर्चा, और खड़ी रखोगे तो डबल खर्चा." खरं आहे ते. उभी राहिली की बॅटरी उतरते, रबर कडक होतं, उंदीर वायरी खातात.

आता दगा देते का? देते. पण सांगून देते, एवढं तिच्या बाजूनं म्हणायला हवं.

सोयाबीन निघायचे दिवस होते. आम्ही बेटमा ओलांडून देपालपुरच्या रस्त्याला लागलो होतो. दोन्हीकडे शेतं पिवळी पडलेली, हवेत भुसा उडतोय, छप्पर उघडं. हे शेंगदाणे सोलून मला भरवत होते. एवढ्यात इंजिनच्या गर्मीची सुई लाल रेषेकडे सरकताना दिसली, तशी मी गाडी लगेच बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं. पाण्याचा पाइप फुटला होता. बॉनेटमधून वाफ अशी निघत होती, जसा काही भाताचा कुकर. बघता बघता दहा-पंधरा माणसं जमली. कुणी पाण्याचा डबा आणला, कुणी नुसताच फोटो काढला. एक म्हातारे गृहस्थ माझ्याकडे निरखून बघत होते, आणि एकदम म्हणाले, "अरे, ये तो कृष्णराव साब की छोरी है! जीप वाली!"

तिथे मला रडू आलं. इतक्या वर्षांनी कुणीतरी मला त्या नावानं ओळखलं होतं.

वन्सं, मघाच्या ओळीवर तुम्ही थांबला असाल. 'मी गाडी बाजूला घेतली.' माझ्या हातून लिहून गेलं. खोडावं म्हणून दोनदा पेन टेकवलं, मग म्हटलं राहू दे. तेच तर लिहायचं आहे, आणि मी इतका वेळ टायर आणि पंप सांगत बसले.

गाडी मी चालवत होते. त्या दिवशीच नाही, कायम मीच.

तुम्हाला माहीत आहे, माझं माहेर देपालपुरचं. अण्णा धान्याच्या सोसायटीत होते आणि त्यांच्याकडे एक जुनी जीप होती. पोरगा नव्हता, म्हणून त्यांनी मला शिकवलं. काळ्या मातीच्या गाडवाटेवर, चिखलात रुतलेली जीप मागे-पुढे करून कशी सोडवायची ते मला दहावीच्या आधी येत होतं. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी तीच जीप घेऊन इंदूरला आले, मागे गव्हाची पोती. तुम्ही बाळंतपणाला माहेरी होतात. दारात उभ्या राहून हसत म्हणालात, "अरविंदा, बायको केलीस की ड्रायव्हर?" सगळे हसले. मीही हसले. तुम्ही थट्टा केलीत, तुम्हाला ते आठवतही नसेल. पण संध्याकाळी आई म्हणाल्या, "आपल्या घरचे पुरुष घोड्यावर बसायचे, बायका नाही." मग मी स्टिअरिंगला हात लावला नाही. कुणी जबरदस्ती केली नाही. लावला नाही, बस.

एक माणूस मात्र त्या दिवशी हसला नव्हता. हे मला खूप उशिरा कळलं.

तुम्ही समजत आलात की अरविंदला वेगाचा शौक होता, म्हातारपणी चळ लागला, पैसा उधळला. तुमच्या भावाला गाडी चालवायची भीती वाटायची, वन्सं. तरुणपणी ए. बी. रोडवर ट्रकनं स्कूटरला धक्का दिला होता, तेव्हापासून. ऑफिसला बसनं जायचे आणि आपण पर्यावरणवादी आहोत असं सांगायचे.

रिटायर व्हायच्या आदल्या वर्षी ते मला भोपाळला घेऊन गेले. कशाला, ते सांगितलं नाही. तिथले एक डॉक्टर परदेशी निघाले होते, त्यांच्या अंगणात ही निळी गाडी उभी. ह्यांनी किल्ली घेतली, डॉक्टरांशी हात मिळवला आणि कशीबशी गावाबाहेर काढली. कपाळावर घाम, दोन्ही हातांनी स्टिअरिंग असं धरलेलं की जणू ते सुटून पळणार आहे. सिहोरच्या अलीकडे त्यांनी थांबवली, उतरले, फिरून माझ्या बाजूला आले आणि दार उघडलं.

"उतर. आता तू."

"अहो, काहीतरीच काय! इतकी वर्षं झाली."

"जीप आठवते ना?"

"जीपचं वेगळं. ही कुठे, ती कुठे!"

"पूर्णिमा, माझ्याच्यानं ही इंदूरपर्यंत जाणार नाही. तू चालवली नाहीस तर इथेच राहायचं दोघांनी."

पहिला गेअर टाकताना गाडीनं उडी मारली. दुसरा बसला. तिसऱ्यात गेल्यावर मी त्यांच्याकडे बघितलं, तर हे डोळे मिटून बसलेले. म्हटलं, भीती वाटतेय का? तर म्हणाले, "नाही. आयुष्यात पहिल्यांदा गाडीत बसून भीती वाटत नाहीये."

पुढे आमची रीतच पडली. गल्लीतून, लोकांसमोरून, हे काढायचे. राऊ ओलांडलं की जागा बदलायची. परतताना पुन्हा बदलायची. आई होत्या तोवर त्यांच्यासाठी. त्या गेल्यावर खरं तर लपवायचं कारण उरलं नव्हतं, पण तोवर त्या लपवण्यातच गंमत वाटायला लागली होती. लग्नाआधी आम्ही कधी भेटलो नव्हतो ना चोरून. ते सगळं साठीला भेटलं. दोन सीटा. तिसऱ्या माणसाला जागाच नाही. मूल नाही म्हणून लोक इतकी वर्षं हळहळत आले, पण त्या गाडीत मला कधी कुणाची उणीव वाटली नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

मग ह्यांचं हृदय थकलं. ते तुम्हाला माहीत आहे, तुम्ही येऊन राहिला होतात. जे माहीत नाही ते सांगते. गेल्या वर्षीच्या जानेवारीत, तुम्ही पुण्याला परतल्यावर, एका सकाळी म्हणाले, चोरलच्या घाटापर्यंत जाऊ. डॉक्टरांनी थंडीत बाहेर पडू नका म्हणून बजावलं होतं. मी नाही म्हटलं. त्यांनी वाद घातला नाही, नुसतं माकडटोपी घालून व्हरांड्यात जाऊन बसले. काय करणार? त्या खोल सीटमध्ये त्यांना बसवायला मला आणि शोभनाकाकूंना दोघींना लागावं लागलं. बसवलं ते डावीकडे. ह्यांनीच सांगितलं, "आज गल्लीतून तू काढ."

सगळी कॉलनी ऊन खात बाहेर. मी काढली. सगळे ब्रेकर तिरके घेतले, एकही घासला नाही. घाटात वळणावर थांबलो, खाली नदीवर धुकं होतं. ते म्हणाले, "सगळ्यांना वाटतं मी तुला फिरवतो. माझ्या माघारी तरी खरं सांगशील?" मी म्हटलं, तुम्हीच सांगा की. तर म्हणाले, "मी सांगितलं तर ती माझी गोष्ट होईल."

महिना-दीड महिन्यात गेले. मी कुणालाच सांगितलं नाही. तेराव्याला तुम्ही म्हणालात, त्या गाडीपायी अरविंदानं तब्येतीकडे लक्ष दिलं नाही. तेव्हासुद्धा नाही. गाडीवर कव्हर घातलं आणि वर्षभर तिच्याकडे बघितलं नाही. सडेल म्हणालात ना, सडायलाच लागली होती.

तुमचा फोन आला आणि रात्रीच गाडीवरचं कव्हर काढून टाकलं. सकाळी निशांतला बोलावलं. त्यानं तेलपाणी बघितलं, टायरात हवा भरली, बॅटरी चार्ज करून लावली आणि म्हणाला, "पुरानी है आंटीजी, भरोसा मत करना." मी नवी बॅटरी घ्यायला थांबले नाही. एकटीच निघाले, आणि नेमकी राजवाड्याकडे, जिथे गर्दीत ह्यांनी मला कधी जाऊ दिलं नसतं.

कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी, त्या राजघराण्याच्या दगडी समाध्यांजवळ, जाम लागला. गर्मी वाढू नये म्हणून इंजिन बंद केलं, आणि मग सुरूच होईना. नुसती टिकटिक. मागे हॉर्नवर हॉर्न. साठीची बाई, पांढरे केस, उघडी निळी गाडी, सगळा बाजार बघतोय. मला वाटलं, वन्सं म्हणतात तेच बरोबर. द्यावी देवांशला आणि घरी बसावं.

चार-पाच जण धावत आले. एक म्हणाला, "आंटी, आप उतर जाओ, हम चालू कर देते हैं."

"उतरणार नाही," मी म्हटलं. मराठीतच निघालं तोंडातून. मग हिंदीत सांगितलं, "मैं बैठी हूँ. तुम धक्का लगाओ."

दुसरा गेअर टाकून क्लच दाबून धरला. त्यांनी ढकलली. उताराला लागताच क्लच सोडला. एक गचका बसला आणि इंजिननं असा आवाज काढला की छत्र्यांवरची सगळी कबुतरं उडाली. पोरं टाळ्या वाजवायला लागली. एक जण बाजूनं धावत विचारत होता, "गजब भिया! आंटी, अंकल की गाड़ी है क्या?"

"नहीं," मी म्हटलं. "मेरी है."

तेवढंच म्हणायला मला इतकी वर्षं लागली, वन्सं. तुम्हाला म्हणायला वर हे अख्खं पत्र लागलं. गाडी माझी आहे. देवांशला देणार नाही. ह्यांची आठवण म्हणून त्याला ह्यांचं घड्याळ काढून ठेवलंय, ते मनापासून देईन. तुम्ही रागावाल. रागावा, तुमचा तो हक्क आहे. पण त्या रागात वर्षश्राद्ध चुकवू नका. तुमच्या भावाबद्दल अशा कितीतरी गोष्टी आहेत ज्या मला एकटीलाच माहीत आहेत, आणि त्या ऐकायला तुमच्याशिवाय मला कोणी नाही.

गाडी कितीला पोचते ते कळवा. स्टेशनवर तुम्हाला घ्यायला मी येईन. देवांशला रिक्षा करावी लागेल.

तुम्हाला अजूनही थोडी घाबरणारी,
तुमची
पूर्णिमा